यंत्राचा विमा मिळतो, यंत्र जोडण्याचा का नाही?

प्रति,
मा. अध्यक्ष, भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद
आणि
देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांमध्ये नवीन पॉलिसी बेतणारे अधिकारी

सविनय नमस्कार.

फोंड्यात माझं संगणक जोडणी-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक दोन तऱ्हेचं येतं. एक म्हणतं, 'हे बजेट, जोडून द्या.' दुसरं स्वतः जोडतं आणि काही बिनसलं की खोकं काखोटीला मारून येतं. ही दुसरी तऱ्हा अलीकडे वाढली आहे. फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं आहेत, घरून काम करणारे व्हिडिओ एडिटर आहेत, निवृत्त होऊन आता हौस पुरवणारे एक-दोन मास्तरही आहेत. सुटे भाग ऑनलाइन मागवायचे, रविवारी जेवणाच्या टेबलावर मांडायचे आणि जोडायला बसायचं. बहुतेकांचं ठीक होतं. ज्यांचं होत नाही, त्यांच्या नुकसानीला आपल्या कुठल्याच पॉलिसीत जागा नाही. हे पत्र त्या जागेसाठी आहे.

आधी नुकसान कसं होतं ते सांगतो. आपल्याकडे बसणाऱ्या माणसाने मदरबोर्डचं, म्हणजे संगणकाच्या मुख्य पाटीचं, सॉकेट भिंगाखाली पाहिलं असेलच असं नाही. सॉकेट म्हणजे प्रोसेसर, संगणकाची मुख्य चिप, बसते ती जागा.

प्रोसेसर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, इंटेल आणि एएमडी. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये नावाप्रमाणेच १,७०० पिना असतात. एएमडीच्या एएम५ मध्ये १,७१८. पूर्वी एएमडीच्या पिना प्रोसेसरला असत, २०२२ साली एएम५ आलं आणि त्याही बोर्डात गेल्या. पिन म्हणजे सरळ खिळा नव्हे. धातूची केसाएवढी पट्टी, एका बाजूला कललेली, टोकाला किंचित वाकवलेली. प्रोसेसर वरून दाबला की ती स्प्रिंगसारखी दबते आणि संपर्क होतो. दोन पिनांमधलं अंतर मिलिमीटरही भरत नाही. प्रोसेसर बोटांतून सुटून त्याचा एक कोपरा आत टेकला की झालं. माझ्याकडे अलीकडेच एक बोर्ड आला, त्यात कोपऱ्यातल्या पाच-सहा पिना वाऱ्याने लोळलेल्या भातासारख्या एकीवर एक आडव्या पडल्या होत्या. नुसत्या डोळ्यांना फक्त एवढंच दिसत होतं की तिथली चमक वेगळी आहे. संगणक सुरूही होत होता. पण रॅमच्या, म्हणजे तात्पुरत्या स्मृतीच्या, दोन पट्ट्यांपैकी एकच दिसे, कारण त्या पिना नेमक्या दुसऱ्या पट्टीच्या वाटेवरच्या होत्या. ज्या पोराचा तो बोर्ड, त्याने आधी तो कंपनीच्या सेवाकेंद्राकडे पाठवला होता. तिथून 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारून बोर्ड परत आला. मग पोरगा माझ्याकडे आला आणि टेबलावर बोर्ड ठेवून एवढंच म्हणाला, 'आतां कितें करूंया?'

मी सेवाकेंद्राला दोष देत नाही. वॉरंटी म्हणजे माल कारखान्यातून सदोष निघाला तर बदलून देण्याची हमी. वाकलेली पिन हा कारखान्याचा दोष नाही, हे त्यांचं म्हणणं रास्त आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. वॉरंटी जिथे संपते तिथे विम्याने सुरू व्हायला हवं. इथे ते होत नाही.

दुसरा अपघात याहून महाग पडतो आणि तो हुशार माणसाकडूनच होतो. संगणकाला वीज पुरवणारी पेटी म्हणजे पॉवर सप्लाय. चांगल्या पॉवर सप्लायच्या केबली सुट्या असतात, लागतील तेवढ्याच लावायच्या. केबलीचं जे टोक डिस्कला किंवा बोर्डला लागतं, त्याची रचना सगळीकडे एकच. जे टोक पॉवर सप्लायला लागतं, त्याला मात्र कुठलंच सार्वत्रिक मानक नाही. एका कंपनीची केबल दुसऱ्या कंपनीच्या पेटीत अगदी बेमालूम बसते, खट्ट असा आवाजही येतो, आणि आत ५ व्होल्टच्या तारेवर १२ व्होल्ट येतात. माणूस जुना सप्लाय काढून नवा लावतो, डिस्कच्या केबली आधीच नीट बांधलेल्या असतात म्हणून त्या तशाच ठेवतो, आणि बटण दाबताच जोडलेल्या सगळ्या डिस्का एका क्षणात जातात. लग्नाचे फोटो, प्रोजेक्ट, सगळं. डेटाची भरपाई मागत नाही, ती कुणीच देऊ शकत नाही. पण डिस्कांची?

तिसरा प्रकार ऐकून आपल्याला कदाचित हसू येईल. हल्लीच्या कॅबिनेटांना एका बाजूने टफन्ड काच असते. ही काच मधोमध बरीच मार खाते, पण तिची कड नाजूक. काच काढून माणूस ती जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवतो. आमच्याकडच्या नव्या घरांत खाली सिरॅमिक टाइल्स, आणि टाइलचा थर काचेपेक्षा कठीण. कड टाइलवर जराशी घासली, एक सूक्ष्म टवका उडाला, की अख्खी काच क्षणात दाणे दाणे होऊन खोलीभर पसरते. मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो की काच गादीवर आडवी ठेवा. ऐकतात, आणि पुढच्या वेळी विसरतात.

बाकीचे पटकन सांगतो. कॅबिनेटमध्ये बोर्डखाली पितळी टेकू लावतात, त्यातला एखादा नको त्या भोकात राहिला तर बोर्डच्या पाठीला टेकतो आणि शॉर्ट होतो. स्क्रूड्रायव्हर निसटून बोर्डवरच्या तांब्याच्या रेघा खरवडल्या जातात. एएमडीच्या जुन्या एएम४ प्रोसेसरांवरचं थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसर आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप, वाळून घट्ट झालेलं असतं. कूलर सरळ वर ओढला की प्रोसेसर लॉक असूनही सॉकेटमधून उपटून वर येतो आणि त्याच्या १,३३१ पिनांपैकी काही मुडपतात. संगणक थोडा वेळ चालवून गरम करायचा, मग कूलर हलकेच पिळून काढायचा, हे ज्याला माहीत आहे त्याचं वाचतं.

या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. कुणी लबाडी केलेली नाही, कुणी बेफिकिरीने वागलेलं नाही. आपल्याच भाषेत सांगायचं तर नुकसान अचानक आणि अनपेक्षित आहे.

आता आपल्याकडचे कागद बघू. मी वकील नाही, पण पॉलिसी वाचायचा कंटाळा करत नाही.

१ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित गृहविमा पॉलिसी आली. चांगली आहे, मी स्वतः लोकांना घ्यायला सांगतो. आग, वीज कोसळणं, वादळ, पूर, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं, हे सगळं त्यात आहे आणि घराबरोबर घरातल्या सामानालाही संरक्षण आहे. पण हातातून निसटून पडलेला प्रोसेसर त्यात नाही. तो नसावा हेही मला समजतं, ती आपत्तींसाठीची पॉलिसी आहे.

मोबाइलला विमा आहे. दुकानदार फोनबरोबरच तो गळ्यात मारतो. पडला, फुटला, पाण्यात गेला, सगळं त्यात. लॅपटॉपला उत्पादक कंपन्यांच्याच अपघाती नुकसानीच्या योजना आहेत, तयार डेस्कटॉपलाही काही ठिकाणी मिळतात. त्यांना एक सिरियल नंबर लागतो, कारण वस्तू एक आहे. स्वतः जोडलेल्या संगणकाचं बिल आठ-दहा ओळींचं, दोन-तीन विक्रेत्यांचं, आणि प्रत्येक भागाला आपापला नंबर. आपल्या अर्जाच्या रकान्यात तो बसत नाही. म्हणून अर्जच नाही.

आणि मग आपली ती जुनी, भक्कम 'इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंट' पॉलिसी. कचेऱ्या, इस्पितळं, बँका ती घेतात. तिची भाषा उदार आहे. यंत्र चालू असो वा बंद, साफसफाईसाठी उघडलेलं असो, त्याच जागेत इकडून तिकडे हलवत असोत, पुन्हा जोडत असोत, नुकसान भरून मिळतं. फक्त एक अट, यंत्राची पहिली चाचणी आधी यशस्वी झालेली असली पाहिजे. म्हणजे एकदा चालू झालेला संगणक उघडून पुन्हा जोडताना काही झालं तर विमा आहे. पहिल्यांदा जोडताना झालं तर नाही. आणि घरी जोडणाऱ्याच्या बाबतीत धोका नेमका या पहिल्या जोडणीतच आहे. ती एक दुपार सुखरूप गेली की डेस्कटॉप वर्षानुवर्षं एका कोपऱ्यात बसून असतो. तो मोबाइलसारखा खिशातून पडत नाही, लॅपटॉपसारखा बसच्या सीटवर राहत नाही.

आपण म्हणाल, जोडणीच्या जोखमीचा विमा उतरवणं अवघड आहे, त्यात माणसाच्या हाताचं कौशल्य येतं. मान्य केलं असतं, जर आपण ते आधीच करत नसता तर. 'इरेक्शन ऑल रिस्क्स' नावाची पॉलिसी आपल्या अभियांत्रिकी विभागात कित्येक दशकं विकली जात आहे. वेर्ण्याच्या किंवा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कुणी नवी यंत्रसामग्री उभी करायची ठरवली, तर माल जागेवर उतरल्यापासून ते यंत्राची पहिली चाचणी होईपर्यंतच्या काळाचा विमा तिथे मिळतो. चाचणीसाठी सहसा चार आठवड्यांची मुदत असते. आणि मुख्य मुद्दा पुढे आहे. सदोष माल, सदोष आराखडा, वाईट कारागिरी हे सगळं त्या पॉलिसीच्या प्रमाणित मसुद्यात वगळलेलं असतं, पण उभारणीतली चूक तेवढी वगळण्यातून वगळलेली असते. म्हणजे फिटरने बेअरिंग तिरकं बसवलं आणि त्यामुळे दुसरं काही मोडलं तर त्याचे पैसे मिळतात.

कारखान्यातल्या फिटरची चूक विम्यात बसते. इथल्या कुर्टीत घरी संगणक जोडणाऱ्या बारावीच्या मुलीची बसत नाही. दोन्हींत फरक फक्त रकमेचा आहे, तत्त्वाचा नाही.

तेव्हा माझी मागणी नव्या शास्त्राची नाही. हीच पॉलिसी लहान करून घराच्या मापाची करा. मुदत ३० दिवसांची पुरे, भाग घरी पोचल्यापासून किंवा शेवटचा भाग आल्यापासून. विमा वस्तूचा नव्हे, बिलांचा. जेवढी बिलं आणि जेवढे सिरियल नंबर अर्जासोबत जोडले, तेवढे भाग संरक्षित. जोडणाऱ्याची चूक समाविष्ट आहे असं एका वाक्यात, जाड ठशात लिहा. 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' असा मोघम शब्द वगळण्यांच्या यादीत टाकू नका, कारण तो एक शब्द घातला की बाकी सगळी पॉलिसी वाया गेली. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं, वगळा, प्रोसेसरचं झाकण उपटून आत पेस्ट लावणारे वगळा, मुद्दाम बोर्डवर सोल्डरिंग करणारे वगळा. माझी हरकत नाही, त्या मंडळींना आपण काय करतोय ते ठाऊक असतं. जुने, बिनबिलाचे भागही तूर्त बाहेर ठेवा. वाईट वाटतं, कारण आमच्याकडची बरीच मुलं जुनंच ग्राफिक्स कार्ड घेतात, पण कुठेतरी रेघ मारावीच लागेल.

भरपाईत दुरुस्ती आधी, बदली नंतर असा क्रम ठेवा. वाकलेल्या सगळ्याच पिना मेलेल्या नसतात. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुईने त्या एकेक करून उभ्या करता येतात, हात स्थिर हवा आणि घाई नको. पिन मुळातून तुटली तर गोष्ट वेगळी, पण नुसती वाकली असेल तर बोर्ड बरेचदा काही शे रुपयांत पुन्हा उभा राहतो. म्हणजे जो दावा आपण पंधरा-वीस हजारांचा धरून घाबरता, तो पुष्कळदा हजाराच्या आत मिटेल. यात माझा स्वार्थ आहे, लपवत नाही, ते काम माझ्यासारख्यांकडेच येईल. पण विमा मिळाला तर जोडून घ्यायला येणारी गिऱ्हाइकं कमी होतील, तोही हिशेब मी केला आहे.

आता आपल्या मनातली खरी शंका. लोक फसवतील. जुना मेलेला बोर्ड दाखवून नव्याचे पैसे उकळतील. काही जण नक्की प्रयत्न करतील. पण मोबाइलच्या विम्यात हीच शंका नव्हती का? तरी आपण तो विकताच. इथे तर पडताळणी सोपी आहे. आमच्याकडे शहाणे दुकानदार बोर्ड विकताना गिऱ्हाइकासमोर खोकं उघडतात, सॉकेटवरचं प्लास्टिकचं झाकण काढून पिनांचा फोटो घेतात आणि मगच बिल करतात, म्हणजे नंतर 'पिना आधीच वाकड्या होत्या' हा वाद नको. आपण हेच मागा. खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ, सिरियल नंबर दिसेल असा, आणि सॉकेटचा एक जवळून घेतलेला फोटो. तो नसेल तर दावा नाही. ग्राहकाने पहिले काही टक्के स्वतः सोसायचे ही अट ठेवा, म्हणजे फालतू दावे आपोआप गळतील. बदली दिलीत तर मोडलेला भाग ताब्यात घ्या. दोन-तीन हजारांच्या दाव्यासाठी मुंबईहून सर्वेक्षक पाठवावा लागत नाही, लहान दाव्यांना परवानाधारक सर्वेक्षकाची सक्ती नसते हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

एक शंका मात्र अशी आहे की तिच्यामुळेच विमा हवा. चूक जोडणाऱ्याची की बनवणाऱ्याची, हे पुष्कळदा सांगताच येत नाही. २०२२ साली एनव्हिडिया कंपनीची आरटीएक्स ४०९० ही ग्राफिक्स कार्डं, म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारे भाग, आली. त्यांचा तो नवा सोळा पिनांचा प्लग, ६०० वॅटपर्यंत वीज वाहून नेणारा, काही लोकांकडे वितळला. त्या नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलं की जगभरातून सुमारे ५० प्रकरणं आली आहेत आणि तपासात असं दिसतं की प्लग पूर्ण आत बसवलेला नव्हता. म्हणजे चूक वापरणाऱ्याची. त्याच वेळी केबल कुठलीही असो, कार्ड बदलून देण्यात सहकार्य करू असंही कंपनी म्हणाली. आणि त्यानंतर त्या प्लगची रचनाच सुधारण्यात आली, प्लग बसला की नाही हे ओळखणाऱ्या संवेदक पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग अर्धवट असेल तर कार्डने वीज ओढूच नये. चूक फक्त वापरणाऱ्याचीच असती तर प्लग कशाला बदलला असता? त्या ५० जणांत माझ्या गावचा कुणी असता आणि कंपनी तेवढी मोठी मनाची नसती, तर त्याने काय केलं असतं? विमा असेल तर भांडण दोन सारख्या ताकदीच्यांत होतं. आपण ग्राहकाला पैसे द्यायचे, त्याचा हक्क आपल्याकडे घ्यायचा आणि हवं तर उत्पादकाच्या मागे लागायचं. मोटारीच्या अपघातांत हे आपण रोज करता.

गोव्यापुरतं थोडं वेगळं सांगायचं आहे, कारण पॉलिसीची कलमं दिल्ली-मुंबईच्या हवेत बसून लिहिली जातात. जोडणीच्या प्रत्येक माहितीपत्रकात स्थिर विजेची भीती घातलेली असते, मनगटाला पट्टा बांधा, गालिच्यावर उभे राहू नका. दिल्लीच्या कोरड्या थंडीत ते खरं आहे. आमच्याकडे जुलैत हवा इतकी ओली असते की अंगावर भार साचायलाच वाव नाही. तरी पट्टा बांधावा, पण आमचे शत्रू वेगळे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, चार महिने भिंतींना बुरशी, आणि किनाऱ्यालगत खारा वारा. खोकं उघडून चवथीपर्यंत बोर्ड कपाटावर ठेवला, कारण ग्राफिक्स कार्डाचे पैसे सणाच्या बोनसमधून यायचे होते, तर तोवर पोर्टांच्या पत्र्यावर तांबूस ठिपके आलेले असतात. वॉरंटीवाले गंज म्हणून हात वर करतात. आपणही गंज 'हळूहळू होणारी झीज' म्हणून वगळणार, हे मला ठाऊक आहे आणि विम्याच्या तत्त्वाला धरूनच आहे. माझं म्हणणं एवढंच की पोर्टाच्या पत्र्यावर ठिपका आहे म्हणून वाकलेल्या पिनेचा दावा नाकारू नका. ज्या कारणाने नुकसान झालं तेच कारण बघायचं, हा आपलाच नियम आहे. तसंच मे महिन्यातल्या आणि ऑक्टोबरातल्या विजांचं. जोडून झाल्यावर पहिल्यांदा बटण दाबलं आणि नेमका त्याच मिनिटाला वीज खात्याच्या तारेवरून झटका आला, तर ते 'जोडणीतलं' नुकसान की 'बाहेरचं', यावर महिनाभर पत्रव्यवहार नको. मुदतीत झालं ना, मग द्या.

काही जण म्हणतील, एवढी भीती आहे तर स्वतः जोडायचा हट्ट कशाला, दुकानातून जोडून घ्या. मी दुकानदार असून याला विरोध करतो. २००२ च्या सुमारास मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजनेत अकरावीच्या मुलांना संगणक मिळाले. खेडोपाडी, ज्या घरांत टीव्हीच्या पलीकडे स्क्रीन माहीत नव्हती, तिथे संगणक आला. बिघडला की पोरं तो उघडत. कुणी मोडला, कुणी दुरुस्त केला. आज गोव्यात हार्डवेअरचं काम करणाऱ्यांपैकी कित्येकांनी पहिला स्क्रू तिथे सोडवला. आता शाळांतून कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवण्याची सरकारी योजना आहे, शिक्षक मुलांना वायरी जोडायला लावतात. शाळेत हात लाव म्हणायचं आणि घरी ऐंशी हजारांच्या खोक्यासमोर बसवून चुकलास तर तुझं तू बघ म्हणायचं, यात काही मेळ नाही. शिवाय २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव असे भडकले की रॅमची एक पट्टी वाकडी बसवून जाळणं आता थट्टेवारी नेण्यासारखं राहिलेलं नाही.

किंमत किती ठेवायची ते आपले गणिती ठरवतील. मला एवढंच दिसतं की मडगावहून मुंबईची गाडी पकडताना ऑनलाइन तिकिटाच्या पानावर एक खूण केली की ४५ पैशांत प्रवास विमा मिळतो, आणि मृत्यू आल्यास १० लाखांची भरपाई. म्हणजे कमी मुदतीचा, कमी हप्त्याचा, खरेदीच्याच पानावर मिळणारा विमा आपल्याला जमतो. सुट्या भागांची ऑनलाइन खरेदी पूर्ण होते त्याच पानावर तशीच एक खूण ठेवा. आकडेवारी नाही म्हणाल तर ती आहे, फक्त आपल्याकडे नाही. मदरबोर्ड कंपन्यांच्या सेवाकेंद्रांत 'फिजिकल डॅमेज' म्हणून परत केलेल्या बोर्डांची नोंद असते. ती मागा. आणि सुरुवातीला धाडस होत नसेल तर प्राधिकरणाचे सँडबॉक्सचे, म्हणजे नवं उत्पादन मर्यादित प्रमाणात आजमावून बघण्याचे, नियम आहेतच, एका राज्यापुरता, काही महिन्यांपुरता प्रयोग करून बघता येतो. राज्य छोटं हवं असेल तर आम्ही आहोत.

कंपन्यांनी मात्र नियामकाकडे बोट दाखवू नये. २०२२ पासून सर्वसाधारण विम्याच्या बहुतेक उत्पादनांना आधी मंजुरी लागत नाही, बाजारात आणा आणि नोंद करा अशी मुभा आहे. आणि प्राधिकरणाने '२०४७ पर्यंत सर्वांना विमा' असं उद्दिष्ट जाहीर केलं आहे. सर्वसाधारण विम्याचा हप्ता देशाच्या सकल उत्पादनाच्या जेमतेम एक टक्का आहे. तो वाढायचा असेल तर विशीतल्या पोराला त्याची पहिली पॉलिसी कशाची मिळते ते बघा. दुचाकीची असते, तीही कायद्याच्या धाकाने, दंड टाळायला. स्वतःहून, समजून उमजून घेतलेली पहिली पॉलिसी त्याच्या संगणकाची असू शकते, आणि तिचा दावा सुरळीत मिळाला तर घराची पॉलिसी विकायला आपल्याला एजंट पाठवावा लागणार नाही.

दाव्याच्या तक्रारीबद्दल एक शेवटची विनंती. तक्रार नोंदवायला प्राधिकरणाचं बीमा भरोसा पोर्टल आहे, तिथून काम झालं नाही तर विम्याच्या तक्रारी निवाडणारा विमा लोकपाल. गोव्याचा लोकपाल मुंबईत बसतो. सात हजारांच्या बोर्डसाठी कुणी ती वाट धरत नाही, तो बोर्ड फडताळात टाकतो आणि विमा कंपनीला आयुष्यभर शिव्या देतो. म्हणून ही पॉलिसी कराल तेव्हा दाव्याची तपासणी व्हिडिओ कॉलवर होऊ द्या आणि नाकारायचा असेल तर कुठल्या कलमाखाली, ते मराठीत किंवा कोकणीत लिहून द्या. वाकलेल्या पिनेचा, जळलेल्या डिस्कचा आणि फुटलेल्या काचेचा असे तीन नमुना दावे माझ्याकडे फोटोंसकट तयार आहेत. गिऱ्हाइकांची परवानगी घेतली आहे, नावं काढून टाकली आहेत. आपल्यापैकी कुणी मसुदा करायला बसलं तर पाठवून देईन.

कळावे,
आपला नम्र,
एक संगणक दुरुस्तीवाला
फोंडा, गोवा